मोदकच्या अकरा बरण्या

आमच्या दोन पाळीव खेकड्यांपैकी शंकू गेला त्या रात्री मी त्यांच्या खाण्याच्या डबीवरचं लेबल पहिल्यांदा नीट वाचलं. औषधांच्या कंपनीत माझं कामच लेबलं तपासायचं. दिवसभर एकेका घटकावर बोट ठेवून वाचते. आणि घरात सहा आठवडे ज्या डबीतलं चिमूट चिमूट घालत होते, ती कधी उलटी करून बघितली नव्हती. मक्याचं पीठ, गव्हाचं पीठ, मासळीचा भुगा, मीठ, रंग, टिकण्यासाठी एथॉक्सिक्विन आणि यादीच्या शेवटाकडे कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार.

शंकू आणि मोदक हे आमचे हर्मिट क्रॅब, शंखात राहणारे खेकडे. नावं लेकीने शंखांच्या आकारावरून ठेवलेली. जून महिन्यात आम्ही न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. तिथे वाळूला लागून लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता असतो, बोर्डवॉक म्हणतात त्याला. त्यावरच्या दुकानांत तारेच्या पिंजऱ्यांतून हे खेकडे विकायला ठेवलेले असतात, शंखांवर चित्रं रंगवलेली. लेक नऊ वर्षांची. तिने दोन निवडले. दुकानदाराने एक छोटा प्लास्टिकचा पिंजरा, एक स्पंज आणि ती डबी दिली आणि सांगितलं, यांना फारसं काही लागत नाही.

त्यांना खूप काही लागतं. हे खेकडे मूळचे कॅरिबियन बेटांवरचे आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचे. जमिनीवर राहतात, पण श्वास कल्ल्यांनीच घेतात. त्यामुळे भोवतालची हवा कायम दमट लागते, ७५-८० टक्के. कोरड्या हवेत ते गुदमरतात, पण इतके हळूहळू की बघणाऱ्याला कळतही नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत एसी चालू, पिंजरा उघडा. शंकू एका सकाळी अर्धा शंखाबाहेर पडलेला दिसला. लेकीने त्याला मागच्या अंगणात टोमॅटोच्या वाफ्याजवळ पुरलं आणि दोन दिवस धड जेवली नाही. त्या डबीमुळे तो गेला असं मी म्हणणार नाही. मला कोरडी हवाच कारणीभूत वाटते. पण मोदक अजून होता आणि त्याच्यासाठी सगळंच नव्याने करायचं होतं.

घराचं काम दोन दिवसांत उरकलं. झाकणाची काचेची टाकी, तळाशी सहा-सात इंच वाळू आणि नारळाचा भुसा. हे मिश्रण इतपतच ओलं ठेवायचं की मूठ वळली की किल्ला बांधता यावा. दोन भांडी, एक गोड्या पाण्याचं आणि एक समुद्री मिठाच्या पाण्याचं. न रंगवलेले चार शंख. खाण्याचं काम मात्र त्या ऑगस्टपासून आजवर संपलेलं नाही.

ऑगस्टमध्ये आई आली. ती रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातली. तिच्या बॅगेत दरवर्षीप्रमाणे जवळा होता, घरी उन्हात वाळवलेला. टाकीजवळ खुर्ची ओढून ती बराच वेळ बसून राहिली. "काय खातो हा?" मी म्हटलं, "किनाऱ्यावर पडलेलं सगळं. मेलेले मासे, फळं, पानं, लाकूड, इतर खेकड्यांची टाकलेली कवचं." आई म्हणाली, "मग डबीतलं कशाला घालतेस गो? त्याचं जेवण माझ्या पिशवीत आहे."

मी वाचायला बसले होतेच. हे प्राणी वर्षानुवर्षं पाळणाऱ्यांनी लिहिलेलं, प्राणिशास्त्रातलं, जे हाती लागेल ते. तांब्याचा उलगडा आधी झाला. आपल्या रक्तात जे काम लोह करतं, ते यांच्या रक्तात तांबं करतं. म्हणजे थोडं तांबं त्यांना हवंच, पण ते खाण्यातून सहज मिळतं. वरून घातलेल्या तांब्याचं भय असं की कवचवाल्या प्राण्यांना ते जरा जास्त झालं तरी विष होतं. मत्स्यालयात माशांसाठी तांब्याचं औषध टाकलं की कोलंबी मरते, ते यामुळेच. डबीतलं प्रमाण कदाचित निरुपद्रवी असेल. पण निवड माझ्या हातात होती. मी डबी केरात टाकली.

मग काय काय लागतं ते लिहून काढलं. कवचासाठी कॅल्शियम. कायटिन, म्हणजे कोलंबीच्या टरफलात असतं ते. प्रथिनं. कॅरोटिन, कारण रंगद्रव्यं यांना स्वतः तयार करता येत नाहीत, ती खाण्यातूनच घ्यावी लागतात. थोडी चरबी. आणि कोलेस्टेरॉल. ते वाचून मी दोनदा खात्री केली. आपलं यकृत कोलेस्टेरॉल बनवतं, यांना ते बनवता येत नाही, बाहेरूनच मिळावं लागतं. आई कित्येक वर्षं डॉक्टरांच्या सांगण्यावरून अंड्याचा बलक बाजूला काढते. तो बलक आता वाया जाणार नव्हता.

सगळ्यात आधी कोलंबी. इथे गोठवलेल्या कोलंबीच्या पिशव्यांवर बऱ्याचदा सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट लिहिलेलं असतं. कोलंबी पाणी धरून ठेवावी म्हणून ते घालतात. म्हणून तसली पिशवी न घेता न्यू जर्सीतल्या एडिसनजवळच्या चिनी बाजारातून डोक्यासकट ताजी कोलंबी आणली. आईने विळीऐवजी माझी छोटी सुरी घेतली आणि ओट्याशी उभी राहून दीड किलो कोलंबी सोलली. मांस आमच्या कालवणाला. डोकी, टरफलं, शेपट्या मोदकला. टरफलं धुऊन झाली आणि आईचा हात सवयीने हळदीच्या डब्याकडे गेला. चमचा डब्यात बुडाला, आणि मग तिलाच आठवलं. "याला हळद-मीठ नाही, नाही का." तिने चमचा तसाच परत ठेवला. इतक्या वर्षांत तिने कोलंबीला हळद लावली नाही, असा तो पहिला दिवस असावा.

वाळवायचं कुठे? आईने आधी अंगण बघितलं. पण न्यू जर्सीचा ऑगस्ट दमट असतो, ऊन असलं तरी वस्तू वाळण्याऐवजी घामेजते. शिवाय कुंपणावर खारी टपलेल्या. शेवटी ओव्हन. आमच्या ओव्हनचं सगळ्यात कमी तापमान १७० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ७७ सेल्सिअस. दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवली, वाफ निघून जावी म्हणून. टरफलं परातीत एकेरी पसरली. घरभर वास सुटला. लेक नाक दाबून वर गेली आणि अर्ध्या तासाने परत येऊन दाराच्या फटीतून बघत बसली. करडी टरफलं हळूहळू गुलाबी झाली, मग नारिंगी. कोलंबी शिजताना लाल होते तो रंग अ‍ॅस्टाझँथिनचा. कच्च्या कोलंबीत तो प्रथिनाला बांधलेला असतो, उष्णतेने सुटतो. हेच रंगद्रव्य आम्हाला मोदकच्या पोटात जायला हवं होतं.

किती वेळ, हे मी घड्याळात बघत होते. आई घड्याळाकडे बघत नव्हती. दर तासाने ती परात बाहेर ओढायची, मूठभर टरफलं उचलायची आणि कानाशी हलवायची. तिसऱ्या तासाला, "अजून नाही." चौथ्या तासाला, "डोकी ओली आहेत." पाचव्या तासानंतर तिने मूठ माझ्या कानाशी धरली. कोरड्या पानांसारखा खळखळ आवाज आला. "असा वाजला पाहिजे. जवळा विकत घेतानासुद्धा असाच वाजवून घ्यायचा, नुसता हाताला कोरडा लागून चालत नाही." तेव्हापासून मी प्रत्येक गोष्ट वाजवून बघते.

याची किंमत मला गाजराने शिकवली होती. आई यायच्या आधी मी एकदा गाजराच्या चकत्या वाळवल्या होत्या. वरून कोरड्या, वाकवल्या की चामड्यासारख्या वळायच्या. झालं म्हणून गरम गरमच बरणीत भरून झाकण लावलं. नवव्या दिवशी बरणीच्या तळाला पांढरे केस उगवलेले. आईला सांगितलं तर म्हणाली, "गरम भरलंस ना? पापडाचा डबा कधी गरम बंद केलेला बघितलायस का माझ्याकडे?" गाजर आता किसून वाळवते, तुटेपर्यंत. ताटात पूर्ण गार करते, मग भरते, आणि बरणी फ्रीजरमध्ये ठेवते.

अंड्याची टरफलं सोपी. आतला पापुद्रा काढायची गरज नाही. दहा मिनिटं उकळून, ओव्हनमध्ये वाळवून, मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवायची. बलक कडक उकडून, किसून, वाळवून. लाल भोपळा ऑक्टोबरमध्ये इथे दारोदार रचलेला असतो. मी शेतावरून आणला, दारात सजावटीला ठेवलेला घेतला नाही. खोबरं ताज्या नारळाचंच, किसून वाळवलेलं. पाकिटातल्या खोबऱ्याला पुष्कळदा सल्फाइट लावलेलं असतं. समुद्रशेवाळ बिनमिठाचं. ओकची पानं मागच्या अंगणातली. रेड ओक हा न्यू जर्सीचा राज्यवृक्ष आहे आणि आमच्या कुंपणापाशी एक उभा आहे. गळलेली तपकिरी पानं लेकीने गोळा केली, धुऊन ओव्हनमध्ये कोरडी केली. टाकीत ती वाळूवर अंथरते. मोदक त्यांखाली लपतो आणि कडा कुरतडतो.

पक्ष्यांच्या सामानातून मी कटलबोन आणलं होतं. आईने ते पांढरं, हलकं, होडीसारखं हाड हातात घेतलं, नखाने खरवडलं आणि ओळखलं. "हे समुद्रफेस आहे! माकुलाच्या पाठीतलं. पैसे देऊन आणलंस?" तिच्या लहानपणी पावसाळा संपला की किनाऱ्यावर ही पडलेली असायची. मुली वेचून आणायच्या आणि तिची आजी औषधाला लागेल म्हणून फडताळात ठेवायची. रात्री तिने लेकीला खलबत्त्यात समुद्रफेस कसं कुटायचं ते शिकवलं. ते कुटताना खडूसारखं करकरतं आणि बोटांना पांढरी पूड लागते. लेकीने त्या पुडीने आजीच्या कपाळावर टिकली लावली.

झेंडूबद्दल मी बरीच विचारात होते. दसऱ्यासाठी मी दरवर्षी अंगणात झेंडू लावते, इथे दुकानात मिळणाऱ्या फुलांवर फवारणी केलेली असते म्हणून. त्या वर्षी तोरण झाल्यावर उरलेली फुलं आईने कागदावर मोकळी केली. पाकळ्या वेगळ्या, हिरवे देठ वेगळे. चार दिवस घरातच, खिडकीतल्या सावलीत वाळवल्या. झेंडूत ल्युटिन असतं, कॅरोटिनचंच भावंड. केशरी पाकळ्या वाळल्यावर गडद झाल्या, जवळजवळ विटकरी. बरणीत त्याच सगळ्यांत सुंदर दिसतात.

पण सगळ्यात मोठी चूक मी यानंतर केली. सगळं तयार झाल्यावर मी वजनकाटा काढला, प्रमाण ठरवलं आणि सगळं एकत्र दळलं. अगदी बारीक, मेतकुटासारखं. माझ्या मते ते परिपूर्ण होतं, जे जे हवं ते ते एका चिमटीत. पहिल्या रात्री मोदकने खाल्लं. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या सकाळी बशी तशीच, पावडरीचा ओला लगदा झालेला. चौथ्या सकाळीही तसंच. मला वाटलं आजारी पडला. आई म्हणाली, "मेतकूटभात चांगलाच असतो. पण रोज दोन्ही वेळा तेच वाढलं तर तूसुद्धा पानावरून उठशील."

आईचं म्हणणं मला शास्त्रात सापडलं. पनामाच्या किनाऱ्यावरच्या जमिनीवर राहणाऱ्या हर्मिट क्रॅबवर १९९० च्या दशकात अभ्यास झाला होता. ज्या खेकड्यांनी नुकतंच एक अन्न खाल्लं होतं, ते पुन्हा तेच टाळून दुसऱ्या अन्नाकडे जात होते. किनाऱ्यावर फिरत वेगवेगळं खायचं, हे त्यांच्यात मुरलेलं आहे. आणि दुसरं कारण माझ्या डोळ्यांसमोरच होतं. ८० टक्के दमट हवेत बारीक पूड दोन तासांत चिखल होते. मोदकला चिखल उचलता येत नाही.

कारण तो उचलून खातो. हे मी लाल प्रकाशाच्या छोट्या टॉर्चने रात्री अकराच्या पुढे बसून बघितलंय. त्याचा डावा पंजा मोठा, जांभळा. आत शिरताना तो दारासारखा शंखाच्या तोंडावर बसतो. खायला उजवा, लहान पंजा. बशीपाशी आला की आधी पुढच्या छोट्या मिशा भराभर हलतात, वास घेतात. मग तो बशीत चढतो आणि लहान पंजाने एक तुकडा चिमटीत धरतो. झेंडूची पाकळी त्याने पहिल्यांदा घेतली तेव्हा ती त्याच्या तोंडाहून रुंद होती. त्याने ती टोकाकडून धरली, तोंडापाशी नेली आणि तोंडाच्या बाजूचे बारीक अवयव शिवणयंत्राच्या दातांसारखे चालू लागले. पाकळी सरकत सरकत आत गेली, अखंड, चार-पाच मिनिटांत. मग त्याने पंजा परत खाली घातला, जवळ्याचा तुकडा बाजूला सारला आणि दुसरी पाकळी शोधली. म्हणजे त्याला निवडायचं होतं. मी त्याची निवड दळून टाकली होती.

तेव्हापासून अकरा बरण्या. काहीच बारीक नाही, सगळं भरड किंवा तुकड्यांत. जवळा, कोलंबी, अंड्याची टरफलं, समुद्रफेस, बलक, गाजर, भोपळा, झेंडू, ओक, खोबरं, शेवाळ. कॅल्शियमपैकी एक, म्हणजे अंड्याची टरफलं किंवा समुद्रफेस, बशीत रोज असतंच. बाकी रोज दोन-तीन, कालच्यापेक्षा वेगळे. सगळं मिळून पाव चमच्याहून कमी. सोबत काहीतरी ताजं, केळ्याची चकती किंवा पेरूचा तुकडा. सकाळी बशी उचलायची, उकळत्या पाण्याने धुवायची, कारण उरलेल्यावर एका दिवसात बुरशी येते. लेकीने एक वही केली आहे. त्यात ती काय घातलं आणि काय उरलं ते लिहिते. खोबरं कधीच उरत नाही. गाजर निम्म्या वेळा उरतं.

पाण्यावरून आईशी एकदा वाद झाला. ती रात्रभर पाणी उघडं ठेवायची, क्लोरीन उडून जातं म्हणून. साध्या क्लोरीनचं खरं आहे, पण जिथे नळाच्या पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, असतं तिथे ते असं उडत नाही. त्यासाठी मत्स्यालयवाले वापरतात ते औषध लागतं. आईने ऐकून घेतलं, औषधाची बाटली टाकीशेजारी ठेवली आणि पाणी तरीही रात्रभर उघडं ठेवत राहिली. दोन्ही केल्याने काही बिघडत नव्हतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर मोदक बदलला. रात्रभर खाऱ्या पाण्यात बसू लागला, जवळा आणि समुद्रफेस सपाटून खाऊ लागला, आणि एका सकाळी दिसलाच नाही. कोपऱ्यात वाळू उकरलेली. कात टाकायला खाली गेला होता. या काळात तो जुनं कवच सोडतो, नवं मऊ असतं तोवर जमिनीखालीच राहतो आणि सोडलेलं कवच खाऊन त्यातलं कॅल्शियम परत मिळवतो. त्याला उकरून काढायचं नाही, कितीही दिवस लागले तरी. वर असताना जे खाल्लं त्या शिदोरीवर त्याला खाली ते पार पाडायचं होतं. तीन महिने आम्ही जे वाळवलं, ते त्या शिदोरीसाठी होतं, हे मला तेव्हा उमगलं.

बशी मी तरीही रोज ठेवत होते, अगदी चिमूटभर. भोवतालची वाळू चमच्याच्या पाठीने गुळगुळीत करून ठेवायची, म्हणजे पावलं उमटली तर सकाळी दिसतील. डिसेंबर गेला. वाळू तशीच. लेक विचारायची, "शंकूसारखं तर नाही ना?" मी वाळूजवळ नाक नेऊन वास घ्यायचे. मेला असेल तर कुजका वास येतो, तो येत नव्हता. फक्त ओल्या मातीचा वास. एवढंच तिला सांगू शकत होते. जवळजवळ सगळे हर्मिट क्रॅब कुठल्यातरी किनाऱ्यावरून पकडूनच आणलेले असतात, पाळणाऱ्यांकडे ते सहसा जन्मत नाहीत. किनाऱ्यावर ते ३० वर्षांहून जास्त जगू शकतात. त्या रात्रींमध्ये हा विचार मला सोडत नव्हता. त्यांना विकत आणण्याची चूक आता दुरुस्त होणार नव्हती. दुसरा मी विकत घेणार नाही.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आई परत गेली. निघताना तिने टाकीच्या काचेवर बोट टेकवलं आणि काही न बोलता बाहेर आली.

८३ व्या सकाळी वाळूवर पावलं होती. बारीक टोचल्यासारखे ठिपके, दोन ओळींत, मध्ये शंख ओढल्याची रेघ. कोपऱ्यातून खाऱ्या पाण्याकडे, तिथून बशीकडे. मोदक ओकच्या पानाखाली होता. जांभळा पंजा पूर्वीपेक्षा गडद, चकचकीत. पायांची झिजलेली टोकं पुन्हा टोकदार झालेली. लेकीने तिथूनच आजीला व्हिडिओ कॉल लावला. रत्नागिरीत संध्याकाळ झाली होती. आईने चष्मा लावला, फोन अगदी डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "आधी काय खाल्लंन?"

लेकीने वही उघडली. बशीत रात्री जवळा, झेंडू आणि अंड्याचं टरफल होतं. झेंडू जागेवर. टरफल थोडं हललेलं. जवळा संपला होता.

"मग बरणी बघ," आई म्हणाली. "किती उरलाय?"

बोटभर उरला होता. मे महिन्यात गावाहून इकडे कोण येतंय, याची आई आता चौकशी करते आहे.